मेला म्हणून उपटलेला पारिजातक

प्रश्न :
लातूरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर घर बांधलं. घरासमोर पश्चिमेला साधारण पाचशे चौरस फूट मोकळी जागा आहे, काळ्या मातीची. दुपारी बारापासून दिवेलागणीपर्यंत तिथे ऊन असतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, बोअर मार्चमध्ये आटतं. गेल्या वर्षी हौसेने लॉनचे गालिचे अंथरले, ते संक्रांतीनंतर पिवळे पडले आणि होळीपर्यंत गेले. दोन अडेनियम (जाड खोडात पाणी साठवणारी फुलझाडं) जमिनीत लावली होती, ती ऑगस्टमध्येच सडली. पारिजातकाची पानं फेब्रुवारीत करपून गळाली. माळीदादा म्हणाले "गेलं हे", म्हणून तोही उपटला. आता यजमान म्हणतात, टँकर मागवू पण लॉन पुन्हा करू. सासूबाई बहात्तरचा दुष्काळ पाहिलेल्या. त्या म्हणतात, लोक घागरी घेऊन रांगेत उभे असताना गवताला पाणी घालणं पाप आहे. शेजाऱ्यांचा सल्ला, पेव्हर ब्लॉक टाका आणि वर प्लॅस्टिकचं गवत. ताई विचारतात : "अजिबात पाणी न लागणारी आणि बाराही महिने हिरवी राहणारी दहा-बारा झाडं सुचवा. नसतील तर फरशी घालून विषय संपवते. लातुरात बाग करणं हा चोचलाच आहे का? घरात तीन वर्षांची नात आहे, तिला अंगणात काहीतरी दिसावं एवढीच इच्छा."

उत्तर :
ताई, झाडं सांगते. पण तुमच्या पारिजातकापाशी मी अडले आहे, तेवढं आधी बोलू द्या. तो बहुधा मेला नव्हता. झोपला होता.

जमिनीतली ओल सरत आली की पारिजातक पानं टाकतो. झाडाचं पाणी सर्वांत जास्त उडतं ते पानांतून, तेव्हा पानंच टाकून द्यायची आणि मृगाची वाट बघत बसायचं, हा त्याचा हिशेब. पळस, पांगारा, काटेसावर हेच करतात. पांढरा चाफा तर हिवाळ्यातच नुसत्या बोटांसारखा उभा राहतो. म्हणून यापुढे कोणी "गेलं हे" म्हणालं तर कुदळ आणण्याआधी नखाने फांदीची साल जरा खरवडून बघा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. एक फांदी कोरडी निघाली तर खाली खोडाशी बघा. आणि तिथेही शंका वाटली तरी जुलैपर्यंत थांबा. उपटायला घाई कशाची?

आता तुमची मागणी. "अजिबात पाणी न लागणारी" आणि "बाराही महिने हिरवी" या दोन अटी एका झाडाकडून मागितल्या की मग नर्सरीवाले प्लॅस्टिकचंच देतात. कमी पाण्यावर जगणारं झाड कुठेतरी काटकसर करतं. कोणी पानं टाकतं, कोणी पानांऐवजी काटे ठेवतं, कोणी खोडात पाणी साठवतं, कोणी वर मरून जाऊन खाली कंदात राहतं. आपण मात्र बाग म्हटली की पुण्या-बंगलोरच्या सोसायटीतलं हिरवं चित्र डोळ्यांपुढे आणतो. लातूरच्या बागेचं वर्ष वेगळं आहे. आषाढ ते मार्गशीर्ष ती भरलेली असेल, माघात विरळ होईल, आणि चैत्र-वैशाखात पानं कमी, फुलं मात्र असतील. हे वेळापत्रक ज्याला मान्य आहे त्याच्यासाठी झाडांना तोटा नाही. ज्याला मान्य नाही त्याला मी कितीही नावं दिली तरी तो मे महिन्यात झाडं उपटेल.

चोचल्याचा प्रश्न मी टाळणार नाही. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने तुमच्या गावाला पाणी आलं होतं. आधी दहा वाघिणी (पाण्याच्या टाकीचे डबे), मग पन्नास, म्हणजे एका खेपेला पंचवीस लाख लिटर. ते ज्यांनी पाहिलं त्यांना नळी हातात धरून गवतावर फवारा मारताना अपराधी वाटणारच, आणि वाटावं. सासूबाईंचं लॉनबद्दलचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. आकडाच मांडते. लॉनला उन्हाळ्यात एका चौरस मीटरला रोज निदान पाच लिटर पाणी लागतं. तुमची जागा शेहेचाळीस-सत्तेचाळीस चौरस मीटर, म्हणजे दिवसाला सव्वादोनशे लिटर, महिन्याला जवळपास सात हजार. पाच हजार लिटरांचा एक टँकर त्याला पुरत नाही. त्याच जागेत बारा झाडं लावली आणि पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येकाला चार दिवसांनी दहा लिटर दिलं, तर हिशेब दिवसाला तीस लिटरांवर येतो. तिसऱ्या उन्हाळ्यात यातल्या निम्म्या झाडांना तुम्ही पाणी घालायला विसरलात तरी ती तक्रार करणार नाहीत. तीस लिटर म्हणजे दोन बादल्या. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी धरलं तर त्यातली एक स्वयंपाकघरातूनच निघेल. तेव्हा सासूबाईंना विचारायचा प्रश्न "बाग करू का" असा नको, "दोन बादल्यांत काय काय जगेल" असा विचारा. जुन्या घरांत न्हाणीच्या मोरीच्या पाण्यावर अळू, कर्दळ, केळ कशी पोसली जायची, हे त्या तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

यजमानांनाही पूर्ण निराश करू नका. त्यांना पायाखाली गवत हवं असेल तर हरळी आहे. हो, तीच, जिच्यापायी शेतकरी कपाळाला हात लावतो आणि गणपतीत जिच्या जुड्या आपण विकत आणतो. मार्च-एप्रिलमध्ये ती वाळक्या काडीसारखी होते, वाटतं संपली. पहिला वळवाचा पाऊस पडला की चार दिवसांत हिरवी. शंभर चौरस फुटांचा तुकडा नातीला लोळायला पुरेल. फक्त त्याच्या कडेने वीतभर खोल शहाबादी फरशीचे तुकडे उभे गाडा, नाहीतर वर्षभरात ती तुमच्या सगळ्या आळ्यांत शिरेल आणि मग माझ्या नावाने बोटं मोडाल.

शेजाऱ्यांच्या सल्ल्याचं दोन वाक्यांत : पश्चिमेच्या उन्हात पेव्हर ब्लॉक तापून रात्रीपर्यंत धग सोडत राहतात, आणि प्लॅस्टिकचं गवत मे महिन्याच्या दुपारी इतकं तापतं की अनवाणी पोर त्यावर उभं राहणार नाही. चालायला वाट हवीच, ती मुरमाची करा, पाणी मुरेल.

आता अडेनियम. ती ऑगस्टमध्ये गेली, मे महिन्यात नाही. याचा विचार केलात का? तहानेने मेलेलं झाड आपल्याला समजतं, बुडून मेलेलं समजत नाही. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून सगळ्या भेगा बंद करते. पाणी खाली जात नाही, मुळांना हवा मिळत नाही. कमी पाण्याची म्हणून आणलेली कितीतरी झाडं मराठवाड्यात अशीच मरतात, पावसाळ्यात. मीही हे शहाणपण फुकट मिळवलेलं नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी कोरफडीची आख्खी रांग सपाट काळ्या जमिनीत लावली होती. श्रावणात तिची लापशी झाली, आणि मी मात्र खत कमी पडलं असं समजून वर शेणखत घालत होते.

म्हणून झाड निवडण्याआधी जागा तयार करा. जिथे लावायचं तिथली माती दीड-दोन फूट उकरा, एक भाग माती, एक भाग मुरूम आणि मुरलेलं शेणखत असं मिसळा, आणि आजूबाजूच्या जमिनीपेक्षा नऊ इंच ते फूटभर उंच ओटा करून त्यावर लावा. पाणी धरायला आळं हवं, पण ते खोडाला चिकटून नको, फांद्यांच्या घेराखाली गोल चर हवा. अडेनियम, कोरफड, निवडुंग हे मात्र कुंडीतच ठेवा, भरपूर वाळू-मुरूम घालून, आणि सततच्या पावसात वळचणीला सरकवा.

झाडांच्या नावांसाठी नर्सरीत जाण्याआधी एक काम करा. हे पत्र वाचणाऱ्या सगळ्यांनाच सांगते, मग ते सोलापूरचे असोत, जतचे असोत की बीडचे. मे महिन्यात एका संध्याकाळी गावातून फेरफटका मारा. जुन्या शाळेचं आवार, देवळामागची जागा, स्मशानभूमी, पडका वाडा. जिथे कोणी पाणी घालत नाही तिथे काय उभं आहे आणि काय फुललं आहे ते बघा. हायवेच्या दुभाजकावर सगळीकडे बोगनवेल आणि कण्हेरच का, याचंही उत्तर मिळेल. आठवड्यातून एकदा येणाऱ्या टँकरवर ती तिथे धूर खात जगतात. ही यादी कुठल्याही तज्ज्ञाच्या यादीपेक्षा तुमच्या मातीला जास्त लागू.

तुमच्या अंगणाला मी सर्वांत आधी एक झाड देईन आणि ते घरापासून दहा-बारा फुटांवर, पश्चिमेच्या बाजूला. बहावा. फार मोठा होत नाही, एप्रिल-मेमध्ये पानं गाळून पिवळ्या झुंबरांनी भरतो आणि पिवळी फुलपाखरं त्याच्या पानांवर अंडी घालतात. काही वर्षांत तो दुपारची सावली देऊ लागला की खालच्या सगळ्यांचं पाणी वाचेल. कमी पाण्याच्या बागेत पहिलं झाड सावलीचं हवं, हे फार जण विसरतात आणि आधी गुलाब आणतात. कडुनिंबाचं नाव तुमच्या मनात आलं असेल. झाड उत्तम, पण दोन गुंठ्यांत तो घराएवढा होईल.

कोपऱ्यात पांढरा चाफा. त्याची नर्सरीतून खरेदी करू नका, कोणाकडून तरी हातभर फांदी मागून आणा. चीक सुकेपर्यंत सात-आठ दिवस सावलीत ठेवा आणि मग लावा. लगेच लावली तर सडते. पारिजातक पुन्हा लावा, प्रायश्चित्त म्हणून. कंपाउंडच्या तापणाऱ्या भिंतीला बोगनवेल आणि तिच्याशेजारी शंकासूर. शंकासुराची लाल-पिवळी फुलं जवळजवळ वर्षभर येत राहतात आणि सूर्यपक्षी हमखास येतो. तुमच्या नातीला दाखवायला यापेक्षा सोपं काही नाही.

बोगनवेलीबद्दल तक्रार येते की पानंच येतात, फुलं नाहीत. कारण तुम्ही तिला पोसता. आपले डाळिंबवाले, संत्रावाले बहार धरण्याआधी झाडाला ताण देतात, पाणी तोडतात, पानं मलूल होऊ देतात आणि मग पाणी सोडतात. बोगनवेलीचं तेच आहे. तिला ताण हवा. पाणी न घालता आल्याबद्दल अपराधी वाटून घ्यायचं नाही असं हे एक झाड.

कुंपणाला मेंदी लावा. लावली की विसरायची, वर्षातून दोनदा छाटायची, आणि नात मोठी झाली की पाटा-वरवंट्याचं निमित्त. काटे चालणार असतील तर करवंद किंवा पिवळी कोरांटी. कोरांटी आपल्या माळरानावरचीच, दिवाळीच्या पुढेमागे फुलते. बाजूच्या बोळात एक सीताफळ. बालाघाटच्या डोंगरात ती कोणी न लावता, न पाणी घालता उभी असते, तुमच्या बोळात का नाही राहणार? कढीपत्ता आणि लिंबू स्वयंपाकघराच्या दाराशी लावा, कारण त्यांना पाणी लागतं आणि ते तिथूनच मिळणार आहे.

जमिनीलगतच्या रंगासाठी सदाफुली आणि गुलबक्षी. गुलबक्षी उन्हाळ्यात वरून नाहीशी होते, कंद खाली राहतो, पाऊस पडला की परत. गोकर्णाचं बी जूनमध्ये टाका, दसऱ्यासाठी झेंडू, श्रावणात तेरडा. ही पावसाच्या पाण्यावरची पाहुणी मंडळी आहेत, हिवाळा संपताना जातील, त्यांना टँकरने वाचवू नका.

आणि मोगरा. त्याला उन्हाळ्यात पाणी लागतं, ऐन टंचाईत लागतं, हे मला माहीत आहे. तरी दोन कुंड्या ठेवा. एका घरात एवढा लाड चालतो.

कण्हेर मी मुद्दाम सांगितली नाही. ती दुष्काळाला खरोखर भीक घालत नाही, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, आणि पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बिया तर जास्तच. तीन वर्षांचं मूल घरात असताना नको. कुंपणाला लावतात त्या शेराचा चीकही डोळ्यात गेला तर वाईट. नात शाळेत जाऊन शहाणी झाली की कण्हेर लावा. असाच एक इशारा कोनोकार्पसबद्दल. कमी पाण्यात भराभर वाढणारी हिरवी भिंत म्हणून तो सगळीकडे विकला जातो. गुजरातने २०२३मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. घाणेरी तर आपल्या डोंगरांत पसरून बसलीच आहे. नुसतं काटक असणं हा काही झाडाचा एकमेव गुण धरायचा नाही.

पाणी कसं घालायचं, यावर बाकी सगळं अवलंबून आहे. रोज तांब्याभर घातलं तर मुळं वरच्या वर राहतात आणि एक दिवस चुकलं की झाड माना टाकतं. चार-पाच दिवसांनी एकदा, पण खोलवर मुरेल असं द्या. मुळं पाण्यामागे खाली जातात आणि पुढच्या वर्षी तुमच्यावर अवलंबून राहत नाहीत. पहिले दोन उन्हाळे हे करावंच लागेल. देशी झाड आहे म्हणून पहिल्या मे महिन्यातही आपलं आपण जगेल, ही समजूत रोपाच्या जिवावर बेतते. माळरानावर शंभर बियांतून एखादं झाड उभं राहतं, बाकीची आपल्याला दिसत नाहीत एवढंच.

बहावा आणि सीताफळासाठी मडकी गाडा. साधी, न रंगवलेली, पाच-सात लिटरची, रोपापासून हातभर अंतरावर, गळा तेवढा वर, तोंडावर झाकण. नाहीतर डास होतात. पाझरून पाणी थेट मुळांशी जातं. आणि आच्छादन घाला. तुमच्याकडे सोयाबीनचं भुसकट आणि उसाचं पाचट मिळायला काय तोटा! चार इंच जाड थर, खोडापासून वीतभर सोडून. वाळवी दिसली तर तेवढा थर बाजूला सारा. उघड्या काळ्या जमिनीला भेगा पडल्या की त्या बारीक मुळं तोडतात आणि खालची ओलही उडवतात. आच्छादनाखाली भेगा कमी पडतात. नुसतं एवढं केलंत तरी पाण्याची एक खेप वाचते.

घरातलं कुठलं पाणी चालतं? भाज्या, डाळ-तांदूळ धुतलेलं कुठेही चालतं. वॉशिंग मशीनचं साबणाचं पाणी मी रोज एकाच झाडाला घालणार नाही, त्यातल्या क्षारांनी काळी माती आणखी घट्ट होते. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी त्यात घातलेल्या पाण्याहून जड असतं. ते मेंदी, बोगनवेल यांना आलटूनपालटून चालेल, लिंबाला नको. आणि गच्चीकडे बघा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला की दोन हजार तीनशे लिटरांहून जास्त पाणी पडतं आणि त्यातलं बहुतेक पाइपातून खाली येतं. तुमचा तो पाइप आज रस्त्यावर सुटला असेल. बोअरभोवती शोषखड्डा करून तो तिकडे वळवा.

ज्यांच्याकडे जमीन नाही, फक्त गच्ची किंवा उन्हाची बाल्कनी आहे, त्यांना एकच गोष्ट. बहावा जमिनीत दुष्काळ सोसतो तो खोल मुळांच्या जोरावर. बारा इंची कुंडीत ते मूळ जाणार कुठे? म्हणून कुंडीत खोडा-पानांत पाणी साठवणारी झाडं घ्या : अडेनियम, कोरफड, चिनी गुलाब. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या उन्हात मुळं शिजवतात. मातीच्या घ्या, नाहीतर एक कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधे पाचट भरा.

फरशी घालून विषय संपवायचा असेल तर तो पर्याय पुढच्या वर्षीही तुमच्याकडे असेलच. बहाव्याचं एक वर्ष मात्र वाया जाईल. हा एप्रिल आहे, आत्ता काहीही लावू नका. यजमानांना लॉनऐवजी खड्ड्यांच्या कामावर लावा. मे महिन्यात खड्डे घेऊन उन्हात तापू द्या, शेजारी मुरूम आणून टाका, ओटे करून ठेवा. रोपं जूनच्या अखेरीला, दोन चांगले पाऊस झाल्यावर आणा. खड्ड्यांचं मात्र पावसाआधी उरका. काळ्या रानात एकदा ओल झाली की तुमचं तुम्हाला पाऊल टाकता येणार नाही, चिखल चपलेसकट पाय धरून ठेवतो.